पंतांची साक्ष

१

थंड खोलीच्या दाराला कुलूप होतं तसंच होतं. आतली लाकडी पेटीही जागच्या जागी होती, पण तिची मोहर फुटलेली होती. पेटीत गवत होतं, गवताच्या मधोमध गोल खळगा होता, आणि त्या खळग्यात काही नव्हतं.

काल संध्याकाळपर्यंत तिथे एक अंडं होतं. लहान नारळाएवढं, करड्या रंगाचं, हात लावला की बोटांना मुंग्या आणणारं. वीजपाखराचं अंडं. अकरा दिवसांपूर्वी अचाट दलाने धाड घालून ते चोरट्यांच्या टोळीकडून सोडवलं होतं.

आपल्याकडे माणसं जशी गाई-घोडे पाळतात तशी त्या मुलखात अचाट नावाचे प्राणी पाळतात. कुणी आग फुंकतं, कुणी टक्कर देऊन भिंत पाडतं, कुणी पाण्याखाली दिवसभर राहतं. बहुतेक लोक त्यांना मायेने शिकवतात आणि कष्टाच्या कामाला लावतात. काही जण मात्र त्यांना चोऱ्यामाऱ्या शिकवतात. अशांना धरायला पोलिसांचं अचाट दल लागतं, आणि त्या दलाला स्वतःची अचाटं लागतात.

दलातलं सगळ्यात मानाचं अचाट म्हणजे पंत. वासराएवढे, अंगाने राखाडी, पाय सहा. नाक एवढं लांब, की ते जमिनीला घासू नये म्हणून पंत मानेला झोके देत चालत. कचेरीतला एखादा वयस्क कारकून फाईल शोधायला निघालाय असं वाटे. म्हणून पंत. त्यांना एकेरी हाक मारायची कुणाची छाती नव्हती. नोंदणी झालेल्या अचाटाने हुंगून आणि समोर बसून दिलेली साक्ष कोर्टात डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीइतकी धरली जाई, आणि नऊ वर्षांत पंतांची साक्ष एकदाही फिरली नव्हती.

फाटक रात्रभर उघडलं नव्हतं. म्हणजे चोर आतलाच. सात वाजता मोठ्या साहेबांनी स्वतःसकट बावीस माणसं अंगणात रांगेत उभी केली. पेटीतलं गवत पंतांच्या नाकाशी धरलं गेलं. दोरी सैल झाली.

पंत रांगेवरून एकदा गेले. पुन्हा गेले. अंगण फिरले, विहीर फिरले, गोठे फिरले. वीसेक मिनिटांनी ते रांगेपाशी परत आले, जरा घुटमळले, आणि शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कोठीवाल्यासमोर जाऊन बसले.

कोठीवाल्याला सगळे मामा म्हणत.

"मामा?" साहेबांच्या तोंडून कसंबसं निघालं.

मामांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी मामांकडे. मग मामांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि साहेबांपुढे धरला.

"पंत खोटं सांगत नाहीत साहेब," ते म्हणाले. "मला धरा."

२

वरच्या कचेरीतून तपासाला बाई आल्या त्या दहाच्या बसने, खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. खात्यात त्यांना अक्का म्हणत. अक्कांची ख्याती अशी, की त्या आरोपीला दोन प्रश्न विचारत आणि बाकीच्यांना वीस.

"तुम्हाला उगाच हेलपाटा," साहेब म्हणाले. ते या चौकीत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. "प्रकरण मिटल्यात जमा आहे. पंत बसले, मामांनी कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"म्हणजे... नाही म्हणाले नाहीत."

"नाही न म्हणणं आणि हो म्हणणं यात पुष्कळ अंतर असतं साहेब. आमच्या यजमानांना विचारा. अंडं कुठे ठेवलंय म्हणतात?"

"ते सांगत नाहीत. चौकीची कौलांपासून गटारापर्यंत झडती घेतली. नाही सापडलं."

"म्हणजे अंडं न सापडताच चोर सापडला. झकास."

साहेब ओशाळले. ते वाईट माणूस नव्हते. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. खुर्ची पुढे ओढून ते हळू आवाजात म्हणाले, "अक्का, मला काय हौस आहे का मामांना आत टाकायची? पण पाच वाजता गाडी येते. तिच्यातून एक तर मामांचे कागद जातील, नाहीतर पंतांचे. मामा निर्दोष म्हटले की पंतांची साक्ष खोटी. साक्ष खोटी ठरली की नोंदणी रद्द, आणि मग रवानगी बेटावर. बिनकामाच्या अचाटांचं आवार आहे तिथे. काम सुटलेला असा नाकवाला प्राणी वर्षभरही जगत नाही. खाणंच सोडतो. शिवाय पंतांच्या साक्षीवर आत गेलेले चोरटे उद्या ओळीने अपिलात उभे राहतील."

"एक तर मामा चोर, नाहीतर पंत खोटे."

"तिसरं काय असणार?"

"ते पाचपर्यंत बघू," अक्का म्हणाल्या. "आधी मामा."

३

मामांना त्यांच्याच कोठीत बसवून ठेवलं होतं. दारावर शिपाई उभा होता, आणि शिपायाला मान वर करायची चोरी झाली होती. आत पेंड, गवत आणि औषधी तेलाचा वास. मामा फाटकं पोतं शिवत होते.

"मामा, अंडं तुम्ही घेतलं?"

"पंत काय म्हणाले ते सगळ्यांनी पाहिलं."

"मी पंतांना नाही विचारलं. तुम्हाला विचारते."

मामांनी दाभण पोत्यात खोचून ठेवलं. "अक्का, तुमची माझी ओळख नाही. पण एक सांगतो. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगी तिच्या संसारात सुखी आहे. मी आत गेलो तर एक म्हातारा आत गेला, एवढंच. पण पंतांना त्या बेटावर..." त्यांनी पोत्याची शिवण उगाच ओढून पाहिली. "नऊ वर्षं इमानाने काम केलं हो त्यांनी. शेवट असा नको."

"म्हणजे तुम्ही अंडं घेतलेलं नाही."

"मी असं म्हणालो नाही!" मामा एकदम तडकले.

"नाही म्हणालात. म्हणून तर कळलं. बरं, किल्ल्या कायम कमरेला असतात?"

"संध्याकाळी अचाटांना आंघोळ घालतो तेव्हा खुंटीवर. तासभर. आणि झोपताना उशाला. पण मी झोपलो की ढोल वाजवा, जाग येत नाही."

"मग त्या कुणीही उचलाव्या."

"कुणीही. पण पंत कुणासमोरही बसले नाहीत ना? माझ्यासमोर बसले. माझ्या अंगाला वास लागला असणार, कसा ते देव जाणे. वास असल्याशिवाय पंत बसायचे नाहीत."

तेवढ्यात शिपायाला बाजूला सारून एक उंच तरुण दोन कप चहा घेऊन आत आला. हा दलाचा दोरीदार, म्हणजे शोधाच्या वेळी पंतांची दोरी धरणारा. मामांनीच त्याला या कामात तयार केला होता. अंगात सरावाचा जाड कापसाचा अंगरखा, गळ्यापर्यंत बंद. शिकाऊ अचाटांनी पंजा मारला तर लागू नये म्हणून घालतात तो.

"अरे, एवढ्या उकाड्यात?" मामा म्हणाले.

"कणकण आहे अंगात."

"डॉक्टरीणबाईंना दाखवलंस का? तोंड बघ कसं झालंय. बस जरा."

"नको मामा. उभाच बरा."

अक्कांनी कप घेतला आणि त्यांच्या बोटाला बारीक चटका बसला.

"गरम आहे," दोरीदार घाईने म्हणाला. मग दाराकडे वळता वळता थांबला. मामांकडे न बघता म्हणाला, "मामांनी नाही घेतलं अक्का. शपथेवर सांगतो."

"मग पंत सकाळी का बसले?"

  तो पाठ फिरवून बाहेर पडला, आणि चहा न पिताच त्याला घाम फुटलेला अक्कांनी पाहिला.

४

डॉक्टरीणबाई एका दगडी पाठीच्या अचाटाचे दात घासत होत्या आणि तोंडाने सगळ्या जगाचा उद्धार करत होत्या.

"तपास कसला करताय? तपास त्या हुकुमाचा करा! कोर्ट म्हणतं, यादीत 'अंडं एक' असं लिहिलंय, तेव्हा खटला संपेपर्यंत ते अंडंच राहिलं पाहिजे. उबवायचं नाही. थंडीत ठेवा. म्हणजे काय, त्या जिवाने आत श्वास रोखून पुढच्या तारखेची वाट बघायची? आम्ही दोनदा अर्ज केला. पुढची तारीख मिळाली."

"थंडीत किती दिवस टिकतं?"

"बारा. फार तर तेरा."

"आणि आज अकरावा." अक्का तिथेच एका बादलीवर बसल्या. "आता कुठे असेल ते? जिवंत असेल?"

"उबेत ठेवलं असेल तर असेल. चुलीपाशी भाजून निघेल, उन्हात कमी पडेल. आई पोटाखाली घेते तेवढी ऊब, ना जास्त ना कमी. आणि एकदा गरम झालं की ठिणग्या टाकायला लागतं. लपवणाऱ्याची धडगत नाही."

"त्याला हात लावणाऱ्याच्या अंगाला वास राहतो?"

"चार दिवस. साबण लावा, राख लावा, काही फरक नाही."

"पेटी बंद केल्यावर तुम्ही कुणी हात लावला होता?"

"मोहर लावलेली हो! अकरा दिवस कुणी नाही. त्याआधी मी तपासलं, आणि धाडीत दोरीदाराने उचललं होतं. तो वास केव्हाच गेला." डॉक्टरीणबाईंनी ब्रश पाण्यात बुडवला. "सकाळी रांगेत मीही होते. पंत माझ्या पायांवर शिंकले आणि पुढे गेले."

अक्का बादलीवरून उठल्या नाहीत. पिशवीतला डबा काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला, उघडला मात्र नाही.

"डॉक्टरीणबाई, पहिल्याच फेरीत पंत मामांच्या किती जवळून गेले?"

"हे एवढ्या." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "दुसऱ्या फेरीतही."

"चार दिवस न जाणारा वास. वीतभर अंतर. आणि असलं नाक." अक्का म्हणाल्या. "मग पंतांना वीस मिनिटं कशाला लागली?"

डॉक्टरीणबाईंचा ब्रश हवेत राहिला. दगडी पाठीचं अचाट तोंड उघडं ठेवून आळीपाळीने दोघींकडे बघत होतं.

५

शोधांची नोंदवही जाडजूड होती. अक्कांनी नऊ वर्षांची पानं उलटली. जिथे पंतांना माणूस किंवा माल सापडला होता तिथे वेळ लिहिली होती: दोन मिनिटं, चार मिनिटं. पंत वासावर सरळ जात. काही शोध फसले होते. आणि फसलेल्या प्रत्येक शोधापुढे शाईचं एक टिंब होतं.

वही काखेत मारून त्या पुन्हा कोठीत गेल्या.

"मामा, ही टिंबं कसली?"

मामा लाजले. चोरीचा आळ आला तेव्हा जे लाजले नव्हते ते आता लाजले.

"ते होय... ते कामाचं नाही अक्का. आमचं घरगुती आहे. त्याला आम्ही गोड शेवट म्हणतो."

"म्हणजे?"

"शोध फसला की पंत फार मनाला लावून घेतात. जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी नाकच उचलत नाहीत. म्हणून सगळे निघून गेले की मी त्याच वासाची चिंधी खिशात घालून कुठेतरी उभा राहतो. पिंपामागे, जिन्याखाली. पंत मला शोधून काढतात, समोर येऊन बसतात. मग त्यांचं कौतुक, पाठ थोपटणं, गुळाचा खडा. गडी खूश होऊन झोपतो. नऊ वर्षांत एकदाही चुकवलं नाही."

"दर वेळी तुम्हीच?"

"मीच. माझ्यासारखा रिकामटेकडा दुसरा कोण?"

अक्कांनी वही मिटली. त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण जाताना त्यांनी दारातल्या शिपायाच्या पाठीवर थाप मारली, त्यामुळे तो बिचारा दचकला.

तीन वाजता पुन्हा रांग लागली. तीच बावीस माणसं, त्याच जागा. साहेब कुरकुरत पहिल्या जागी उभे राहिले. अक्कांनी मुद्देमालाच्या खोलीतून एक सीलबंद डबी आणवली होती. डबीतली चिंधी त्यांनी दोरीदाराच्या हातात दिली.

"सकाळी केलंत तसंच करा."

दोरीदाराने चिंधी पंतांच्या नाकाशी धरली. दोरी सोडली. पंत झोके देत निघाले.

रांग एकदा. रांग दोनदा. अंगण, विहीर, गोठे. ऊन तापलं होतं.  पंत हळूहळू मंदावत गेले, त्यांचं नाक खाली आलं, शेपूट खाली आली. रांगेपाशी येऊन ते घुटमळले. मग शेवटपर्यंत चालत गेले आणि मामांसमोर बसले.

"अहो पंत!" मामा रडकुंडीला आले. "आता काय आहे माझ्याकडे? काही नाही हो माझ्याकडे!"

"खरंच काही नाही," अक्का म्हणाल्या आणि डबी साहेबांच्या हातात दिली. "वाचा."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. दोन वर्षांपूर्वीच्या खटल्यातल्या एका दरोडेखोराचा सदरा. माणूस शंभर कोसांवरच्या तुरुंगात होता.

"तो काही मामांच्या खिशात नाही," अक्का म्हणाल्या. "साहेब, पंतांनी सकाळी साक्ष दिलीच नाही. शोध फसला होता. नऊ वर्षं शोध फसला की शेवटी मामा सापडतात, हे त्यांना पाठ आहे. आज पहिल्यांदाच शोध फसूनही कुणी त्यांच्यासाठी लपलं नाही. तेव्हा ते बिचारे स्वतःच विचारायला आले, माझा आजचा गोड शेवट कुठाय? आपण सगळ्यांनी ते विचारणं म्हणजे बोट दाखवणं धरलं."

मामा मटकन खाली बसले. पंतांनी नाक त्यांच्या मांडीवर टाकलं, आणि मामांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.

साहेबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पण मग... बावीसांपैकी कुणाच्याच अंगाला वास नव्हता! फाटक बंद. चौकीची झडती झालेली. अंडं काय हवेत विरलं?"

"अंगणात बावीस माणसं नव्हती साहेब," अक्का म्हणाल्या. "तेवीस होती."

६

 बावीस माना एकेक करून वळल्या, त्या अंगणाच्या मधोमध दोरी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाकडे.

"नमुना नेहमी दोरीदाराच्या मुठीत असतो," अक्का सांगू लागल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा त्याचा वास त्याच्या हाताला, कपड्यांना येणारच. म्हणून असल्या अचाटांना पहिला धडाच हा देतात, की दोरी धरणारा मोजायचा नाही. चोर त्या जागी उभा राहिला तर जगातलं कुठलंही नाक त्याला धरणार नाही. आता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंड्याला आईच्या पोटाएवढी ऊब लागते. एवढ्या उकाड्यात कापसाचा अंगरखा गळ्यापर्यंत बंद करून कोण फिरतंय? मामांनी बस म्हटलं तरी कोण बसत नाही? कपाचा कान थंड होता रे बाळा. चटका चहाचा नव्हता."

दोरीदाराने दोरी खाली ठेवली. मग अंगरख्याचे बंद एकेक करून सोडले. आत पोटाला मऊ धोतराचा पट्टा बांधला होता, आणि पट्ट्यात, पंतांपासून दोन हातांवर दिवसभर फिरलेलं ते अंडं होतं. त्याच्याभोवतीची कातडी ठिणग्यांनी जागोजाग लाल झाली होती.

"आत काळीज वाजतंय," तो म्हणाला. "पहाटे काढलं तेव्हा बंद पडलं होतं. आठ वाजता पुन्हा सुरू झालं. अर्ज मीच लिहिले होते, डॉक्टरीणबाईंनी सह्या केल्या. दुसऱ्यांदा तारीख मिळाली तेव्हा मोजलं, तारखेच्या आधी हे मरणार. विकायला नाही घेतलं हो. फुटलं की आणून देणार होतो."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. साहेब दुसरीकडे बघायला लागले. मामा मात्र उठून त्याच्यासमोर गेले.

"पंत माझ्यापाशी का बसले, ते तुला कळलं होतं?"

"त्याच क्षणी."

"आणि गप्प राहिलास."

"दोनच दिवस हवे होते मामा."

"तोवर माझं काय?"

 दोरीदाराने उत्तर दिलं ते खरं दिलं. "तुम्ही सोसाल असं धरून चाललो. नेहमी सोसता म्हणून."

मामांनी मान हलवली. रागाची नव्हे, जड ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेताना हलते तशी.

"अरे, तू येऊन विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो! म्हातारा आहे, चार दिवस आत बसलो असतो. हसत बसलो असतो. पण तू न विचारता मला खर्ची घातलंस. त्या जिवावर दया करायची तेवढी तू केलीस, आणि माझ्या वाट्याला फक्त आळ ठेवलास. थोडी दया मलाही करू द्यायची होतीस की नाही?"

तेव्हा तो उंच तरुण सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडला. मामांनी त्याला जवळ घेतलं नाही, पण ते बाजूलाही सरले नाहीत.

साडेचार वाजले होते. अक्का ओट्यावर बसून लिहू लागल्या. मामांच्या नावावरचा आळ खोडला. पंतांच्या नोंदीत लिहिलं, शोध फसला, साक्ष दिली नाही. मग मुद्देमालाच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं.

"अंडं परत थंड खोलीत ठेवावं लागेल अक्का," साहेब नाइलाजाने म्हणाले. "हुकूम आहे."

"हुकूम अंडं सांभाळायचा आहे. मारायचा नाही." आणि त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: अंडं एक, जिवंत. उबेत ठेवलं आहे. जबाबदारी सही करणारीची. सही केली. "कोर्टाला काय विचारायचं ते मला विचारू द्या. नोकरीची सतरा वर्षं झाली, एकदा तरी कुणीतरी मला काही विचारावं."

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि त्यांच्या सहीखाली आपली ठोकली. "दोघांना विचारू दे."

पाचला फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला. दोरीदाराने अंगरख्याचे बंद लावायला घेतले आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की अंडं घेऊन आपल्याला जाता येणार नाही. त्याने ते दोन्ही हातांत धरलं आणि तो कावराबावरा होऊन इकडेतिकडे बघू लागला. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. पण त्यांच्या आधी मामांनी सदऱ्याची बटणं काढली होती.

"आण इकडे. निवतंय ते."

अंडं पोटाला लागताच मामांच्या छातीवरचे पांढरे केस एकदम ताठ उभे राहिले. रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग साहेबही हसले. शेवटी दारातला शिपाई एवढा हसला की त्याला भिंत धरावी लागली. पंत आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हसा, हसा," मामा म्हणाले. "सकाळी माझ्याकडे नसताना धरलं, आता आहे तर कुणी धरत नाही." मग दोरीदाराकडे वळून, जरा तुटकपणे, "उभा काय राहिलास? किती घट्ट बांधायचं ते मला काय ठाऊक?"

दोरीदार गुडघ्यांवर बसला आणि पट्टा मामांच्या कमरेभोवती गुंडाळू लागला. एक वेढा, दुसरा वेढा. गाठ मारून त्याने आत दोन बोटं सरकवून बघितली.

"एवढं पुरे. श्वास घेता आला पाहिजे."

"कुणाला?"

"दोघांनाही," तो म्हणाला.

भोंगा पुन्हा वाजला. तो उठला आणि शिपायाबरोबर चालत गाडीत जाऊन बसला. मामांना वाकता येत नव्हतं, घाई करता येत नव्हती; पोटावर हात ठेवून ते एकेक पाऊल टाकत फाटकापर्यंत गेले. गाडी सुरू झाली होती.

"ए!" त्यांनी हाक मारली. "जबाब देताना घाई करू नकोस. सगळं नीट सांग. शनिवारी भेटीचा दिवस असतो. मी येईन."